नवरीसाठीची पार्टी : नियोजनाच्या नोंदी

१४ सप्टेंबर

लग्न ६ डिसेंबरला आहे. त्याआधी मैत्रिणींनी मिळून नवरीसाठी बॅचलरेट पार्टी करायची हे पक्के झाले असून नियोजनाची जबाबदारी नवरीची मावसबहीण आणि मी अशा दोघींनी घेतली आहे. कामे वाटून घेतली की कोणी काय ठरवले आणि कशासाठी ठरवले याचा विसर पडतो, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिला वाद गुप्ततेवरून झाला. सगळेच गुपित ठेवावे आणि ठरलेल्या दिवशी नवरीला थेट तिथे नेऊन उभे करावे, असा मावसबहिणीचा आग्रह होता. मला तो पटला नाही, कारण लग्नाआधीच्या आठवड्यांत नवरीचा वेळ तिच्या हातात फारसा उरलेला नसतो. कपड्यांची मापे, दोन्हीकडच्या भेटीगाठी आणि नोकरीवरची रजा यांच्यातून जे काही वाचते त्यातला एक अख्खा दिवस तिला न विचारता परस्पर घेऊन टाकणे योग्य नव्हे. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की दिवस, निमंत्रितांची यादी आणि मर्यादा या तीन गोष्टी नवरीला विचारून ठरवायच्या. जागा, खेळ आणि कार्यक्रमाचा क्रम मात्र तिला शेवटपर्यंत कळू द्यायचा नाही.

संध्याकाळी तिच्याशी बोलणे झाले. काय हवे यापेक्षा काय नको हे तिला अधिक नेमके सांगता आले, आणि नियोजन करणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडते. "मला मधोमध बसवून सगळ्यांनी माझ्याकडे बघत बसायचं, असलं काही नको," असे ती म्हणाली, आणि थोडे थांबून, "आणि कुणी जुनी प्रकरणं उकरून काढायची नाहीत," अशी पुस्ती तिने जोडली. अनोळखी लोकांसमोर काही करून दाखवण्याचे खेळ, रस्त्यातून मिरवण्याचा पट्टा आणि कोणत्याही स्वरूपाचा आचरटपणा तिच्या नकारात आला. पार्टीचा हा प्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेत रूढ होत गेला तो बऱ्याच अंशी पुरुषांच्या तशाच पार्टीची बरोबरी म्हणून, आणि त्यातला आचरटपणाही तिथूनच उचललेला आहे. तो गाळला म्हणून काही उणे पडेल असे मला वाटत नाही.

१७ सप्टेंबर

निमंत्रितांची यादी नवरीनेच द्यावी असे सांगितले होते. ती आज मिळाली. आम्ही दोघी धरून ११ जणी आणि नवरी, अशा एकूण १२. यादी तपासताना एकच नियम लावला : जिला लग्नाचे बोलावणे नाही तिला पार्टीचेही नाही. एखादीला पार्टीला बोलावून, वर्गणी घेऊन, पुढे लग्नाला न बोलावणे यासारखा दुसरा अपमान नाही.

होणाऱ्या नणंदेला बोलावावे की नाही, यावर नवरीचा निर्णय दोन दिवस होत नव्हता. बोलावले तर बाकीच्या मोकळेपणाने बोलणार नाहीत, न बोलावले तर पहिल्याच पायरीवर मनात अढी बसेल, अशी तिची अडचण होती. अखेर तिने बोलवायचे ठरवले. मला हा निर्णय बरा वाटतो, फक्त त्यामुळे "जुनी प्रकरणं नकोत" ही अट आता विनंती न राहता पक्का नियम झाली आहे.

यादीत शाळेतल्या, महाविद्यालयातल्या, कार्यालयातल्या आणि घरच्या अशा चार गोतावळ्यांतल्या मुली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जणी परस्परांना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा दुवा एकटी नवरी असल्यामुळे सोय काहीच केली नाही, तर प्रत्येक घोळका आपापल्या कोपऱ्यात बसेल आणि नवरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहील. कार्यक्रम आखताना हे लक्षात ठेवायचे आहे.

व्हॉट्सअॅपवर नवरी वगळून ११ जणींचा गट केला. गटाचे नाव आणि चित्र मुद्दाम निरस ठेवले आहे, कारण मोबाईलच्या पडद्यावर वर येणाऱ्या सूचनेत सर्वांत आधी गटाचे नावच दिसते आणि नवरी निम्म्या वेळा आमच्यापैकी कोणाच्या तरी शेजारीच बसलेली असते.

२१ सप्टेंबर

आजचा विषय पैशांचा. या संपूर्ण कामातला हाच नाजूक भाग आहे आणि तो सर्वांत आधी उरकला पाहिजे, असे माझे मत आहे. जागा पाहून, छायाचित्रे गटात टाकून, सगळ्यांची वाहवा मिळवून झाल्यावर रकमेचा आकडा सांगितला, तर तोवर नाही म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते. उघड गटात "एवढे चालतील ना?" असे विचारले की पहिल्या दोघींचे "हो" येते आणि बाकीच्या भिडेखातर मान डोलावतात. पुढे त्यांतलीच एखादी आयत्या वेळी आजारी पडते. ती खरोखर आजारी असते की नाही हे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये.

व्हॉट्सअॅपमधली मतचाचणी यासाठी निरुपयोगी आहे, कारण कोणी कोणत्या पर्यायाला मत दिले ते सर्वांना दिसते. म्हणून गुगल फॉर्म केला, त्यात ई-मेल पत्ता गोळा करण्याची सोय बंद ठेवली आणि प्रश्न एकच विचारला : कोणतीही ओढाताण न करता तुम्ही जास्तीत जास्त किती रक्कम देऊ शकता? मोकळे दिवस, पथ्ये आणि औषधे यांची माहिती याच फॉर्ममध्ये घेण्याचा मोह होत होता, पण ११ जणींच्या गटात अशा एखाद्या उत्तरावरूनही माणूस ओळखता येते. त्यामुळे तो फॉर्म वेगळा आणि नावानिशी करायचा आहे.

रात्रीपर्यंत सर्व उत्तरे आली. बहुतेक आकडे एकमेकांच्या आसपास आहेत, एक मात्र त्यांच्या निम्म्याहून कमी आहे. मावसबहिणीने लगेच सरासरी काढली. सरासरीने नेमकी हीच एक जण दिसेनाशी होते. समजा दहा जणींनी १० असा आकडा दिला आणि एकीने ४, तर सरासरी ९.४५ येते, आकडा वाजवी वाटतो, पण ज्या एकीसाठी एवढी विचारणा केली तिच्या ऐपतीच्या तो दुपटीहून अधिक आहे. मी सर्वांत कमी रक्कम हीच मर्यादा धरावी असे सुचवले. त्यावर "मग बाकीच्यांना हवं ते करता येणारच नाही" हा आक्षेप आला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता.

तासभराच्या बोलण्यानंतर निघालेला तोडगा असा : सर्वांनी मिळून करायचा मुख्य भाग सर्वांत कमी रकमेत बसला पाहिजे; त्यापलीकडचे जे काही असेल ते ऐच्छिक, ज्याचे त्याने द्यायचे, आणि वेळेच्या दृष्टीने मुख्य भागाच्या आधी किंवा नंतर. मध्ये नव्हे. मध्ये ठेवले तर पैसे न भरलेल्या मुलीला बाकीच्या परत येईपर्यंत एकटीने बसून राहावे लागते.

नवरीचा खर्च बाकीच्यांनी उचलायचा यावर कोणाचे दुमत नव्हते. १२ जणींचा समान वाटा ११ जणींत वाटला की प्रत्येकीचा वाटा सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ रक्कम सांगतानाच त्यात धरलेली आहे, वेगळी मागायची नाही.

२६ सप्टेंबर

दिवस ठरला : शनिवार, १५ नोव्हेंबर. लग्नाच्या आदल्या आठवड्यातला शनिवार तिघी-चौघींना सोयीचा होता, कारण बाहेरगावाहून येणाऱ्यांची एकच खेप झाली असती. तो आम्ही नाकारला. त्या आठवड्यात नवरी अर्धी तिथे आणि अर्धी घरी असते, दर दहा मिनिटांनी तिचा फोन वाजतो आणि जागरणाचा शीण उतरायला मधे दिवसच उरत नाहीत. तीन आठवड्यांचे अंतर असले की उन्हाने रापलेला चेहरा किंवा मुरगळलेला पायही ताळ्यावर येतो. याहून फार आधी ठेवली, तर लग्नाची चाहूल लागण्यापूर्वीच पार्टी होऊन जाते आणि तिला साध्या सहलीची कळा येते.

तारखांसाठी व्हॉट्सअॅपची मतचाचणी मात्र उत्तम चालली. एकीला अनेक पर्याय निवडता येतात आणि मते उघड दिसत असल्यामुळे कोणाला कोणता दिवस जमत नाही ते विचारत बसावे लागत नाही. दोघींनी मत दिलेच नव्हते. त्यांना फोन केला. गटात गप्प बसणारी व्यक्ती राजी आहे असे धरून चालणे म्हणजे पुढच्या कटकटीला आमंत्रण देणे होय.

३ ऑक्टोबर

मुक्कामी सहल की एका दिवसाचा कार्यक्रम, यावर आठवडाभर चर्चा चालली होती. दोन रात्रींच्या सहलीत प्रवास, मुक्काम आणि सुट्ट्या हे तीनही खर्च वाढतात, आणि मर्यादा ठरवल्यानंतर ती बसतच नाही हे कागदावर मांडल्याबरोबर चर्चा आपोआप मिटली. आता शनिवारी दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत एक घर भाड्याने घ्यायचे, जिला थांबायचे असेल तिने तिथेच रात्री थांबायचे आणि रविवारी सकाळी पोहण्याचा कार्यक्रम ऐच्छिक ठेवायचा, असे ठरले आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना ही रचना विशेष सोयीची वाटली.

घरमालकाशी बोलताना विचारलेल्या गोष्टी : आगाऊ रक्कम किती आणि ती परत कोणत्या तारखेपर्यंत मिळते, रात्री गाणी किती वाजेपर्यंत लावता येतात, रात्री न थांबणाऱ्यांचीही माणसांच्या संख्येत गणना होते का, भिंतीला काही चिकटवलेले चालते का, झाडलोट कोणी करायची, वीज गेल्यास काय सोय आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारीविषयी विचारल्यावर मालकांनी दिलखुलासपणे मागच्या दोन पार्ट्यांची हकिकत ऐकवली. त्यावरून आम्ही गाणी दहाला बंद करायचे ठरवले. सर्व उत्तरे फोनवर मिळाली होती, ती लेखी मागवून घेतली.

५ ऑक्टोबर

आगाऊ रक्कम भरली. खर्चाचे दोन भाग करून तक्ता गटात टाकला : माणसे कमी झाली तरी न बदलणारा स्थिर खर्च (घर, सजावट, येण्याजाण्याची मोठी गाडी) आणि माणशी होणारा खर्च (खाणे, पेये). त्यासोबत नियमही लिहून दिला : २० ऑक्टोबरपर्यंत नाव मागे घेतल्यास संपूर्ण रक्कम परत मिळेल, त्यानंतर माणशी खर्च परत मिळेल, पण स्थिर खर्चातला वाटा मिळणार नाही. ११ जणींऐवजी ९ जणी उरल्या तर स्थिर खर्चाचा प्रत्येकीचा वाटा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, आणि तो भार शब्द पाळणाऱ्यांवर पडू नये एवढाच यामागचा हेतू. कोणीही गळण्याआधी हा नियम जाहीर करण्याचा फायदा असा की तो कोणा एकीला उद्देशून आहे असे वाटत नाही.

१२ ऑक्टोबर

कार्यक्रमाची आखणी. आठ तासांपैकी जेमतेम तीन तासांना ठरीव कार्यक्रम आहे, बाकीचा वेळ मोकळा सोडला आहे. तासातासाला खेळ ठेवला की जमलेल्यांना शिबिराला आल्यासारखे वाटू लागते आणि नवरीला जे हवे आहे, म्हणजे मैत्रिणींशी निवांत बोलणे, तेच राहून जाते.

पहिला खेळ ओळखीचा. प्रत्येकीने नवरीविषयीची एक आठवण चिठ्ठीवर नाव न घालता लिहायची. चिठ्ठ्या मिसळून एकेकीने वाचायच्या आणि ती कोणाची असेल ते बाकीच्यांनी ओळखायचे. चार गोतावळ्यांची सरमिसळ होण्यास यासारखा उपाय नाही, कारण शाळेतली आठवण कार्यालयातल्या मुलीने वाचली की प्रश्न विचारणे आपसूक सुरू होते. नवरीला यात मधोमध बसावे लागत नाही. तीही ओळखणाऱ्यांत असेल.

दुसरा भाग नवरदेवाच्या ध्वनिचित्रफितीचा. त्याला पंधरा प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवायची, पार्टीत तेच प्रश्न नवरीला विचारायचे आणि मग त्याचे उत्तर पडद्यावर दाखवायचे. चित्रण आज उरकले. पहिले काही प्रश्न तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसून सोडवत होता, तिला राग आला आहे हे कसे ओळखतोस, या प्रश्नावर मात्र तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "ती भांडी फार हळू ठेवायला लागते." आम्ही दोघी एकदम हसलो, कारण हे आमच्याही ओळखीचे होते, फक्त कधी शब्दांत आले नव्हते. तो क्षण कापायचा नाही असे ठरवले आहे. दोन प्रश्न मात्र गाळले : एक पैशांविषयीचा आणि एक मुले कधी होऊ देणार याविषयीचा. दोन्ही प्रश्न त्या दोघांनी आपसांत बोलायचे आहेत, पंगतीत नव्हे.

२० ऑक्टोबर

नाव मागे घेण्याचा शेवटचा दिवस. कार्यालयातल्या एका मैत्रिणीने सकाळीच कळवले की तिला त्या दिवशी कामावर हजर राहावे लागणार आहे. तिची रक्कम दुपारी परत पाठवली. स्थिर खर्च आता १० जणींत वाटला जाईल, म्हणजे प्रत्येकी १० टक्के वाढ. ती बसवण्यासाठी सजावटीला कात्री लावली, वर्गणी वाढवली नाही. तिने आपली आठवण ध्वनिसंदेशाने पाठवण्याचे कबूल केले आहे.

३० ऑक्टोबर

पथ्यांचा फॉर्म भरून आला. एकीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, एक गरोदर आहे, तिघी मद्य घेत नाहीत. अॅलर्जीच्या बाबतीत तो पदार्थ वेगळा ठेवण्यापेक्षा आणायचाच नाही, हे सोपे आणि सुरक्षित. एकच डाव चार भांड्यांतून फिरायला वेळ लागत नाही. मद्य न घेणाऱ्यांसाठी साधे पाणी आणि एखादे बाटलीतले पेय ठेवून भागवणे मला कायमच अपुरे वाटत आले आहे. त्यांच्यासाठीही तितक्याच निगुतीने केलेली, त्याच पेल्यांतून दिली जाणारी पेये असावीत, म्हणजे कोण काय पीत आहे आणि का पीत नाही याची चौकशी होत नाही. ज्या बाईने आपण गरोदर असल्याचे अजून सगळ्यांना सांगितलेले नाही, तिच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

मद्याचे प्रमाणही आखून ठेवले. जागतिक आरोग्य संघटना एक प्रमाणित पेग १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचा धरते आणि तेवढे जिरवायला शरीराला साधारण तासभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. कडक कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही. त्यामुळे रात्री नऊपर्यंत पीत राहून अकराला गाडी चालवणे हा विचारच बाद केला. परतणाऱ्यांना मोठी गाडी चालकासह घरोघरी सोडेल. पिण्याची पैज लावणारा कोणताही खेळ ठेवलेला नाही.

८ नोव्हेंबर

सजावट थोडकीच. हेलियमचे रबरी फुगे आदल्या दिवशी भरून ठेवण्याचा बेत रद्द केला, कारण वायू रबरातून झिरपतो आणि साधारण आकाराचा फुगा एक दिवसही नीट तरंगत नाही. ते शनिवारी दुपारी येतील. (हेलियम ओढून बारीक आवाज काढण्याची हौस कोणाला असल्यास ती आधीच मोडून काढावी, त्याने श्वासातला प्राणवायू कमी होतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.) चकचकीत कागदी कण टाळले, ते वेचण्याचे काम पुढे आमच्याच नशिबी येणार होते.

छायाचित्रांविषयी नवरीशी पुन्हा बोलून घेतले. लग्न होईपर्यंत एकही छायाचित्र समाजमाध्यमांवर जाणार नाही, आणि त्यानंतरही तिने निवडलेलीच जातील. हा निरोप निमंत्रणासोबतच पाठवला, म्हणजे त्या दिवशी कोणाच्या हातातला फोन अडवावा लागणार नाही.

१४ नोव्हेंबर

शेवटची उजळणी. प्रथमोपचाराची पेटी, मोबाईलचे चार्जर, विजेची लांब वायर, सुया-दोरा, सॅनिटरी पॅड, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या. ध्वनिचित्रफीत फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवली, कारण घरातल्या इंटरनेटवर विसंबून राहायचे नाही. नवरीला फक्त एवढेच कळवले आहे की दुपारी अडीचला तयार राहा, बसायला-उठायला सोयीचे कपडे घाल आणि दुसऱ्या दिवसाचा एक जोड बरोबर घे.

१६ नोव्हेंबर

पार्टी काल झाली. दोघी उशिरा आल्यामुळे सुरुवात चाळीस मिनिटे लांबली, पण मोकळा वेळ भरपूर असल्यामुळे काही कापावे लागले नाही. चिठ्ठ्यांचा खेळ अर्ध्या तासाचा धरला होता, तो दीड तास चालला. होणाऱ्या नणंदेची चिठ्ठी कोणालाच ओळखता आली नाही. पहिल्या भेटीत नवरीने तिला बाजूला घेऊन "तुमच्या घरात चहा कोण करतं ते आधी सांग" असे विचारले होते, असा मजकूर होता, आणि शाळेतल्या मैत्रिणीने तो आपल्याच घोळक्यातला म्हणून छातीठोकपणे सांगितला. त्यानंतर नणंदेला वेगळे वागवण्याचे कोणाला कारण उरले नाही. भांड्यांच्या उत्तरावर नवरी आधी लाजली आणि मग "हे त्याच्या लक्षात आलंय?" असे म्हणत ती फीत तिने पुन्हा लावायला लावली.

रात्रीसाठी ठेवलेला एक खेळ काढलाच नाही. सगळ्या गच्चीवर गप्पा मारत बसल्या होत्या आणि त्यांना उठवण्यात अर्थ नव्हता. गाणी दहाला बंद झाली. गाडीने परतणाऱ्यांपैकी शेवटची साडेबाराला घरी पोहोचली, तसे तिने गटात कळवले. रविवारी सकाळच्या पोहण्याला पाच जणी होत्या.

१९ नोव्हेंबर

हिशोब पूर्ण झाला. सर्व पावत्या तक्त्यासह गटात टाकल्या. पेयांवरचा खर्च अंदाजापेक्षा कमी आणि गाडीचा थोडा जास्त आला. ठेवीची रक्कम मालकांनी पूर्ण परत केली असून उरलेली शिल्लक दहा जणींना समान वाटून पाठवली आहे. "राहू दे, नवरीला काहीतरी घेऊ" अशी सूचना आली होती, पण ठरलेल्या रकमेतून उरलेले पैसे उघड गटात विचारून वळते करणे म्हणजे पुन्हा तीच भीड. ज्यांना भेट द्यायची आहे त्यांनी ती वेगळी द्यावी.

छायाचित्रे एका सामाईक अल्बममध्ये ठेवली असून नवरीने त्यांतली निवड अद्याप केलेली नाही. लग्नाच्या दिवशी बाहेरगावच्या मैत्रिणींना स्थानकावरून आणण्याची सोय याच गटात ठरेल आणि त्यानंतर, ७ डिसेंबरला, गट बंद करायचा आहे.